जुन्या लादीपासूनची उंची

कोन, ता. पनवेल
१६ ऑक्टोबर २०२४

चि. कुमुद,
आशीर्वाद.

फोन सोडून कागद का, असं विचारशील. एक तर फोनवर तुझं बोलणं मला विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं. दुसरं म्हणजे माझा फोन कायम रुचिराच्या हातात असतो, आणि मला लिहायचंय तिच्याविषयीच. माझं अक्षर मात्र माझ्या नातीला लागत नाही, हे मी तपासून पाहिलंय.

दसरा झकास झाला. भावेशने दोन्ही ट्रेलर धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून न्हावा शेव्याहून थेट दारात आणले. रस्ता अडला, शेजारी बोंबलले, मग पेढे खाऊन गप्प बसले. मी नेहमीप्रमाणे माझी शाळेतली लाकडी फूटपट्टी पूजेत ठेवली. पूजा झाल्यावर रुचिराला दिवाणखान्याच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, पट्टी डोक्यावर आडवी धरली आणि पेन्सिलीने रेघ मारली. आमचा हा रिवाज तुला माहीत आहेच. गेल्या दसऱ्याच्या रेघेपासून यंदाची रेघ किती वर गेली, तेवढंच मोजायचं आणि वहीत लिहायचं. यंदा भरली सहा सेंटीमीटर! गेल्या वर्षी डेंग्यूने पोर खंगली होती, तेव्हा साडेतीनच भरली होती. यंदा तिने सगळी कसर भरून काढली.

हे एवढं सविस्तर लिहायला कारण आहे. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे, "उंची वयाच्या मानाने फार कमी, वाढीच्या तज्ज्ञांना दाखवावे." पुढच्या महिन्यात ती नऊ पूर्ण करेल आणि दिसते दुसरीतली, हे मलाही कळतं. पण मनिषाने तेव्हापासून तोंड पाडलंय. मी सुनेला म्हटलं, अगं, तुझा नवरा आठवीपर्यंत बाकाखाली शोधावा लागायचा, आता केबिनमध्ये मान वाकवून बसतो. तुझ्या वहिनीचं तर ठरलेलं. भामा म्हणते, "पोरीची जात हाय, किती वाढाची हाय तिला? हाय ती मापात हाय."

घर बघायला ये एकदा. गणपतीच्या आधी खाली सगळीकडे नवी पांढरी लादी बसवून घेतली. काशिराम गवंड्याने आठ दिवसांत काम उरकलं, कुठे धूळ नाही की पसारा नाही. आता केस विंचरायला तुला आरसा लागणार नाही.

तुझा,
दादा


सातारा
२४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. नमस्कार.

अक्षर मलाही लागलं नाही. शेजारच्या औषधाच्या दुकानदाराकडून वाचून घेतलं, त्याला सवय आहे.

सहा सेंटीमीटर ऐकून बरं वाटलं. तरी ती चिठ्ठी कपाटात ठेवू नकोस. तेहतीस वर्षं मी मुलांच्या वॉर्डात काढली आहेत. मूल बुटकं असण्याची कारणं ढीगभर असतात. थायरॉइड असतं, अंगात रक्त कमी असतं, कुणाला गहू पचत नाही, आणि थोड्या मुलांच्या मेंदूखालची ग्रंथी वाढीचं हार्मोनच पुरेसं करत नाही. कोणतं कारण, ते घरात बसून कळत नाही. भावेश उशिरा वाढला म्हणून तीही वाढेल, हे तुझं अनुमान झालं.

आणि मनिषाला एक विचार. रुचिराच्या फ्रॉकची, घागऱ्याची शिलाई खाली सोडायची वेळ शेवटची कधी आली होती? तुझ्या फूटपट्टीपेक्षा आईच्या सुईला आधी कळतं.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, मापात कोण आहे ते डॉक्टरला ठरवू दे.

तुझी,
कुमुद


कोन
९ डिसेंबर २०२४

चि. कुमुद,
आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेप्रमाणे पनवेलला जाऊन आलो. एसटी स्टँडच्या अलीकडे मुलांच्या वाढीच्या डॉक्टर आहेत, अनुया मॅडम. वयाने भावेशएवढ्या, बोलायला शांत. मला "सर" म्हणाल्या, तेव्हाच माझं निम्मं मत त्यांच्या बाजूने पडलं.

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, रक्त ठीक, गव्हाचंही काही नाही. डाव्या हाताचा एक्स-रे काढला. पोरगी नऊची आणि हाडं साडेसहा वर्षांची. मनिषा घाबरली, पण मॅडम म्हणाल्या, हाडं मागे आहेत म्हणजे वाढायला अजून जागा शिल्लक आहे. मग त्यांनी ती हार्मोनची चाचणी सुचवली. उपाशीपोटी जायचं, सुई लावायची आणि दर अर्ध्या तासाने रक्त काढायचं. एकोणीस डिसेंबर ही तारीखसुद्धा लिहून दिली.

आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षभरात किती वाढली, अशी काही नोंद आहे का घरी?" कुमुद, हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी सात वर्षं थांबलो होतो! छातीठोकपणे सांगितलं, दसरा ते दसरा, सहा सेंटीमीटर, चौकटीवर रेघ आहे. मॅडमचा चेहरा खुलला. म्हणाल्या, "वर्षाला सहा असेल तर चांगलीच वाढ आहे. वडीलही उशिराच वाढलेत. मग चाचणीची घाई नको, सहा महिन्यांनी पुन्हा मोजू." तारीख रद्द. पोरीची सुई वाचली. रिक्षात मनिषाचे डोळे भरून आले, आनंदानेच असावेत.

एक गंमत सांगतो. त्यांच्या भिंतीवरच्या यंत्रात रुचिरा ११२.५ भरली. माझ्या वहीप्रमाणे गेल्या वर्षीच्या दसऱ्याला ती ११० होती. अधिक सहा म्हणजे ११६. यंत्रात साडेतीनचा घोळ आहे. मी काही बोललो नाही. एवढी नम्र मुलगी, तिला कशाला दुखवा?

आणि समज, राहिली थोडी बुटकी, तर काय झालं? तुझंच बघ. साडेचार फूट उंची, आणि अख्खा वॉर्ड तुला टरकून असायचा. तुझं काही अडलं का?

घागऱ्याचं मनिषाला विचारायचं राहून गेलं.

तुझा,
दादा


सातारा
१७ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. नमस्कार.

यंत्रात घोळ नाही. ठरलेल्या उंचीची दांडी लावून असली यंत्रं रोज सकाळी तपासतात. वॉर्डात ते माझंच काम होतं. साडेतीन सेंटीमीटर हवेत उडून जात नाहीत. तू गणिताचा मास्तर आहेस. हे पत्र वाचून झालं की टेप घे आणि गेल्या वर्षीच्या दसऱ्याची रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते मोज. ११० भरली तर मी तुझी माफी मागेन, आणि मॅडमची फी मी भरेन.

आता दुसरं. माझं काही अडलं का, असं तू सहज विचारलंस. सहज विचारलंस म्हणूनच सांगते.

सलाइनची बाटली अडकवायला मी पाटावर चढायची. तो पाट मी सुताराकडून करून घेतला होता आणि बदली झाली की ट्रंकेबरोबर न्यायची. युनिफॉर्ममध्ये असतानाही बायका मला विचारायच्या, "बाळा, सिस्टर कुठे गेल्या?" मला ऑपरेशन थिएटरला जायचं होतं. मेट्रन म्हणाल्या, तुझे हात टेबलावर पोचणार नाहीत. पाहायला आलेल्या तिघांनी मी पोह्यांच्या बशा घेऊन आले की एकमेकांकडे बघितलं. तिसऱ्या वेळेनंतर आईने बशा माझ्या हातात दिल्याच नाहीत. वॉर्ड मला टरकून होता, कारण मी आवाज चढवायला शिकले. उंची नसली की आवाज लागतो, दादा.

मला हार्मोन कमी होतं, पोटाला कमी पडलं, की मी अशीच घडले, मला माहीत नाही. कुणी बघितलंच नाही. बाबा मिठागरावरून आले की तुला पडवीच्या खांबाला उभं करून खिळ्याने रेघ मारायचे. मी तुझ्यामागे रांगेत उभी राहायची. "तुला कशाला?" म्हणायचे. तुझ्यावर माझा राग नाही, तू तेव्हा पोरच होतास. पण तू रुचिराला चौकटीला उभं करतोस हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मी इथे एकटीच रडले होते.

म्हणून सांगते, मोजतोस तर नीट मोज. हाडांची टोकं एकदा जुळली की जगातलं कुठलंही औषध उंची देत नाही. जे बघायचं ते आत्ताच बघायला हवं.

तुझी,
कुमुद


कोन
५ जानेवारी २०२५

प्रिय कुमुदआजी,
नमस्कार.

मी रुचिरा. आजोबा पत्र लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. तिकीट त्यांच्या खणातलं घेतलं आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा आजोबांनी टेप घेतली आणि चौकटीजवळ खाली बसले. मग पुन्हा मोजलं. मग अजून एकदा. मला म्हणाले, जा बाहेर खेळ. मी दारामागे थांबले. त्यांनी काशिरामकाकांना फोन करून बोलावलं. काका म्हणाले, "मास्तर, जुनी लादी काढलीच नाय. तुमीच बोलले, घरात धूळ नको. मग आमी तिच्यावरशीच माल टाकून नवी बसवली. दीड इंच वर आली जमीन. म्हनून तर सगली दारं खालशी रंधाया लागली." आजोबा चौकटीजवळून उठलेच नाहीत. दुपारी जेवलेपण नाहीत. आजी त्यांना म्हणाली, "काय झालं? कोन गेलं काय?"

दुसऱ्या दिवशी आजोबा वही घेऊन एकटेच पनवेलला गेले. आता माझी चाचणी २१ जानेवारीला आहे.

मला सुईची भीती वाटते. पण मला ती चाचणी पाहिजे. एक गोष्ट सांगते, आजोबांना सांगू नको. दुसरीतल्या गॅदरिंगचा घागरा मला अजून बरोबर होतो. आई मला नेहमी वाढत्या अंगाचे कपडे घेते आणि ते वाढत्या अंगाचेच राहतात. शाळेच्या व्हॅनमध्ये काका मला पुढे पहिलीच्या मुलांबरोबर बसवतात, कारण पुढे चार मावतात. माझी मैत्रीण हेतल मागे बसते. मला तिच्याशेजारी बसायचं असतं.

आजी, तू नर्स होतीस ना? त्या चाचणीत काय करतात? आणि मी नापास झाले तर?

तुझी,
रुचिरा


सातारा
११ जानेवारी २०२५

चि. रुचिरा,
गोड पापा.

तुझं अक्षर तुझ्या आजोबांपेक्षा शंभर पटीने चांगलं आहे. हे त्यांना खुशाल सांग.

आता नीट वाच. आपल्या मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती वाढीचं हार्मोन सोडते, पण सारखं नाही. मधूनच थोडं सोडते, आणि सगळ्यात जास्त आपण झोपलेलो असताना. म्हणून एकदाच रक्त घेऊन काही कळत नाही. त्या वेळी ग्रंथी गप्प बसलेली असली तर? म्हणून तिला जरा डिवचायचं आणि मग ती किती देते ते बघायचं.

आदल्या रात्री जेवलीस की मग फक्त पाणी. सकाळी हातात एक सुई लावतील. ती टोचते. मुंगी नाही, चांगली गांधीलमाशी चावल्यासारखी, पण दहा मोजेपर्यंतच. नंतर त्या नळीतूनच रक्त घेतात, पुन्हा पुन्हा टोचत नाहीत. एक गोळी देतील, तिने झोप येईल. उठून पळायचं नाही, चक्कर येते. दोन तासांत संपलं. मग पोटभर खायचं.

आणि नापास तू होत नाहीस, झालीच तर ती ग्रंथी होईल. तसं झालं तर तिला शिकवणी लावता येते, म्हणजे रोज छोटंसं इंजेक्शन. तू भिऊन थांबली नाहीस, स्वतः पत्र लिहून विचारलंस. तुझ्या वयाची असताना मला हे जमलं नव्हतं.

घागऱ्याचं मात्र डॉक्टरमॅडमना सांग. ते गुपित ठेवायचं नसतं.

तुझी,
कुमुदआजी


कोन
३ फेब्रुवारी २०२५

चि. कुमुद,
आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं. आपल्या घरची बातमीदार तुला सगळं कळवून बसली आहे, हे मला काल कळलं.

वहीत ११० लिहिलेली रेघ जमिनीपासून १०६ भरली. जमीन चार सेंटीमीटर वर आली होती, पोरगी नव्हे. सहातून चार गेले की दोन उरतात, एवढी वजाबाकी मी जन्मभर तिसरीच्या पोरांना शिकवली. वर्षात दोन सेंटीमीटर! आणि मी त्या सहाच्या जोरावर तिची तारीख रद्द करवली. तुला सांगतो, मला माझीच लाज वाटली. तुझं पत्र त्या दिवशी मी चार वेळा वाचलं. पडवीच्या खांबाचं मला आठवतं. तू मागे उभी असायचीस तेही आठवतं. मी कधी मागे वळून "हिलाही मोजा" म्हटलं नाही.

मॅडमकडे गेलो. म्हटलं, मला सर म्हणू नका, मी लादी मोजून आलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वही मागितली. सात दसऱ्यांचे आकडे एका तक्त्यावर टिंबं देऊन जोडले. चौथ्या वर्षापर्यंत रेघ इतर मुलांच्या बरोबरीने जाते, मग हळूहळू आडवी होते. म्हणाल्या, "सर, माझ्याकडे येणारे लोक एकही माप आणत नाहीत. तुम्ही सात आणलीत. शेवटच्या मापातून फक्त लादी वजा करायची." तरीही सर म्हणाल्याच.

एकवीसला सकाळी आठला आम्ही हजर. भावेशचा ट्रेलर बंदराच्या गेटवर अडकला होता, म्हणून मनिषा आणि मी. सुई लावताना रुचिराने मोठ्याने दहा आकडे मोजले. ही कुणाची शिकवण ते तेव्हा मला कळलं नव्हतं. मग ती गोळी दिली. रक्तदाबाचीच गोळी असते, पण ग्रंथीलाही डिवचते म्हणे. अर्ध्या तासात तिचे डोळे मिटायला लागले. सिस्टर दर थोड्या वेळाने रक्तदाब बघत होत्या. एकदा तो बराच खाली आला. त्यांनी सलाइन वाढवलं, पायाखाली उशी दिली आणि मला म्हणाल्या, "आजोबा, हे होतं, घाबरू नका." मी घाबरलो होतो. तिचा हात माझ्या हातात होता, केवढासा तो हात.

गुंगीत असताना ती पुटपुटली, "आजोबा, मी टाचा वर नव्हत्या केल्या." कुमुद, ते चार सेंटीमीटर आपल्यामुळे चुकले असं त्या पोरीला महिनाभर वाटत होतं. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, बाळा, तू नाहीस, टाचा जमिनीने वर केल्या होत्या. तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती जागी झाल्यावर पुन्हा सांगितलं.

पाच नळ्या भरल्या. प्रत्येकीवर वेळ लिहिली. त्यानंतर तिने आईच्या डब्यातल्या तीन पोळ्या आणि माझ्या खिशातला लाडू खाल्ला.

निकाल आला. पास व्हायला दहा लागतात. पाचांपैकी सगळ्यात जास्त आकडा ३.१. पण एका परीक्षेवर नापास करत नाहीत. दहा तारखेला दुसरी चाचणी, वेगळ्या इंजेक्शनने. हे मला पटलं. मीही पोरांना फेरपरीक्षा द्यायचो.

तुझा,
दादा


सातारा
७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. नमस्कार.

या वेळी दुकानदाराकडे गेले नाही. प्रत्येक अक्षर लागलं.

तुझ्यामुळे एक महिना गेला. सहा गेले असते, आणि वहीतल्या त्या खोट्या सहावर विसंबून राहिला असतास तर आणखी गेले असते. ते वाचलं. स्वतःची चूक वहीसकट घेऊन डॉक्टरकडे जाणारे लोक मी वॉर्डात फार पाहिले नाहीत. बहुतेक जण यंत्रालाच नावं ठेवतात. सुरुवात तूही तशीच केलीस, पण निभावलंस.

खांबाचं तू लिहिलंस ते मी जपून ठेवलं आहे. त्यावर आता काही लिहीत नाही.

दुसऱ्या चाचणीच्या इंजेक्शनने मळमळतं, उलटी होते, आणि वेळही जास्त लागतो. एक फ्रॉक जास्तीचा न्या. आणि भामावहिनीला घरी बसवू नकोस, बरोबर ने. तिने ते बघायला हवं.

तुझी,
कुमुद


कोन
२१ सप्टेंबर २०२५

चि. कुमुद,
आशीर्वाद.

मधली सगळी खबर तुला बातमीदाराकडून पोचतच होती, तरी एकदा माझ्या शाईने लिहितो. दुसऱ्या चाचणीतही २.७च आले. मेंदूचा फोटो काढला. ग्रंथी लहान आहे, बाकी काही वावगं नाही. पाच एप्रिलपासून रोज संध्याकाळी जेवण झालं की इंजेक्शन. पेनासारखं असतं, मागे आकडा फिरवायचा. पहिला महिना मनिषाने दिलं. आता रुचिरा स्वतः घेते, एक दिवस मांडीत, एक दिवस पोटावर. दर तीन महिन्यांनी मॅडम मोजतात. किती झाली ते मी मुद्दाम विचारत नाही, दसऱ्यापर्यंत कानात बोटं घालून बसलोय.

तू म्हणालीस म्हणून भामाला दुसऱ्या चाचणीला नेलं होतं. पोरीला उलट्या झाल्या, हिने ओंजळ पुढे केली. त्या दिवसापासून "पोरीची जात" हे शब्द घरात ऐकू आले नाहीत. आता तीच घड्याळाकडे बघून ओरडते, "पोरीचं विंजेक्शन झालं काय? मंग काय बघता?"

आणखी एक उद्योग केलाय. परवा काशिरामला बोलावलं आणि चौकटीच्या पायाशी असलेली लादी फोड म्हटलं. तो छिन्नी धरून माझ्याकडे बघतच राहिला. "मास्तर, नवीकोरी लादी फोडाची? येड लागलं काय तुमाला?" म्हटलं, लागलंय, फोड. दोन पावलं मावतील एवढा चौकोन उघडा केला. खाली आपली जुनी मोझॅकची लादी जशीच्या तशी आहे. आता प्रत्येकाला तिथे ठेच लागते. भामा तीन दिवस बडबडत होती, भावेश पाहुण्यांसमोर लाजतो. लाजू दे. गेल्या वर्षीच्या खोट्या रेघेवर लाल शाईने काट मारली आहे. खोडली नाही. पोरांनाही मी वहीत कधी खोडू दिलं नाही.

दसरा दोन ऑक्टोबरला आहे. तू ये. मी भावेशला तुला आणायला पाठवतो, नाही म्हणू नकोस. आधी रुचिराला मोजायचं आणि मग तुला. साठ वर्षं उशीर झालाय हे मला कळतं. तरी ये.

तुझा,
दादा


सातारा
८ ऑक्टोबर २०२५

चि. रुचिरा,
गोड पापा.

सुखरूप पोचले. तुझ्या आजोबांनाही हे पत्र वाचून दाखव, पण मोठ्याने. त्यांना हल्ली आपलंच बोलणं ऐकू येतं.

त्या चौकोनात तू अनवाणी उभी राहिलीस, टाचा टेकवल्यास, आणि आजोबांनी पट्टी दोनदा सरळ करून धरली, ते मी पाहिलं. ११८. लाल काट मारलेल्या रेघेच्या फक्त दोन सेंटीमीटर वर. हेतल म्हणालीसुद्धा, "एवढीच?" तू तिला लादीची सगळी गोष्ट सांगितलीस, बोटावर वजाबाकी करून दाखवलीस, आणि शेवटी म्हणालीस, "म्हणजे सहा, आणि या वेळी खरे." तुझे आजोबा तेव्हा चष्मा पुसायला आत गेले. चष्मा स्वच्छ होता.

मग मी चपला काढल्या. जुनी लादी पायाला गार लागली. पट्टी डोक्याला टेकली तेव्हा मी श्वास धरून उभी होते, तुझ्यासारखीच. आजोबांनी रेघ मारली आणि शेजारी नाव लिहिलं, कुमुद, १३८. एकोणसत्तराव्या वर्षी माझी पहिली रेघ. तिथे मी रडू आवरलं. इथे येऊन रडले, बरं वाटलं.

निघताना तू विचारलंस, "आजी, मी तुला कधी गाठणार?" व्हॅनमध्ये आता हेतलशेजारी बसतेस, म्हणजे निम्मं काम झालंच आहे. उरलेले वीस सेंटीमीटर. इंजेक्शन चुकवू नकोस, झोप चुकवू नकोस. माझी रेघ तिथेच आहे, ती आता वर जायची नाही.

ओलांडून पुढे जा.

तुझी,
कुमुदआजी